कडाक्याची थंडी, रात्री काय खाताय? (आणि माझी बाजरीची भाकरी का फाटते?)

मुंबईची_चिमणी | रविवार, रात्री १०:१५

लोकहो, तीस वर्षं मुंबईत काढून जूनमध्ये नोकरीसाठी नाशिकला आले. पाऊस बघितला, गारवा आवडला, येईल जाईल त्याला सांगत सुटले की काय हवा आहे इकडची! आता जानेवारी आलाय आणि तीच हवा अंगावर आलीय. खोबरेलची बाटली उलटी धरून हलवली तरी थेंब नाही, लादीवर अनवाणी पाय पडला की अर्धी झोप तिथंच उडते, अंघोळीला जायचं मन करायला वीस मिनिटं लागतात. ऑफिसमधून यायला नऊ होतात, स्कूटीवरून येताना बोटं हँडललाच आखडून बसतात आणि घरात शिरल्यावर समोर काय, तर सकाळच्या डब्यातली गार पोळी. खरंच रडू येतं हो.

तर दोन प्रश्न. एक, रात्री नऊला दमून आल्यावर अर्ध्या तासात होईल असं पोटात ऊब आणणारं काय करता? मॅगी सांगू नका, त्यात पीएचडी झालीय.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. इथं सगळे म्हणतात थंडीत बाजरीची भाकरी खा. तीन वेळा केली. परातीत असते तोवर गोल दिसते, उचलली की महाराष्ट्राचा नकाशा होतो, तव्यावर पडली की छत्तीस जिल्हे वेगवेगळे. वर चव कडवट. व्हिडिओ बघून झाले, आईला विचारून झालं (आई पक्की भातवाली, तिनं सांगितलं "पोळी कर ना मग"). काय चुकतंय?

द्राक्षवाला | रविवार, रात्री १०:४२

नाशिक शहरात बसून थंडी म्हणताय होय, निफाडला या एकदा ताई. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा काय दाखवतो ते पेपरात येतं तेव्हा तुम्ही रजईत असता आणि आम्ही बागेत. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलंय आणि पारा एकदम खाली आला की मण्यांना तडे जातात, वर्षभराचं काम एका रात्रीत. म्हणून पहाटे तीन-साडेतीनला उठून ओळींच्या मधे जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, धूर राहील असं बघायचं, आणि ड्रिप चालू करायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, हात घातला की कळतं. थंडीचं कौतुक गव्हाला आणि हरभऱ्याला, द्राक्षाला नाही.

खायचं म्हणाल तर पहाटे गुळाचा कोरा चहा, आलं ठेचून. आणि नऊ वाजता घरून भाकरी येते ती बाजरीचीच, ठेचा आणि कांद्याची पात. पात तोडून मिठात बुडवायची बस. भाकरी फाटते का ते घरात विचारून सांगतो, आपण फक्त खाणारे.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री १०:५०

मुंबईकर आणि थंडी 😂 सोळा डिग्रीला माकडटोपी काढता तुम्ही लोक.

मुंबईची_चिमणी | रविवार, रात्री १०:५५

हसा. पण मुंबईतही २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ होतं, आमच्या आजोबांनी त्या दिवशीची गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की मला तारीख पाठ आहे. त्यांच्याकडे स्वेटरच नव्हता, धोतर दुहेरी पांघरून बसले होते.

ओटा_आणि_मी | सोमवार, सकाळी ६:३०

चिमणे, बाकी सगळं नंतर, आधी एकच सांग. पीठ कधी दळलंस?

मुंबईची_चिमणी | सोमवार, सकाळी ९:१०

काकू, दिवाळीच्या आधी... पाच किलो दळून आणलं होतं, म्हटलं हिवाळाभर पुरेल.

ओटा_आणि_मी | सोमवार, सकाळी ९:१४

अगं बाई.

शेंगोळे_फॅन | सोमवार, सकाळी ९:२०

अगं बाई +१

ओटा_आणि_मी | सोमवार, सकाळी ९:४५

आता नीट ऐक, भाजी चढवून आलेय. त्या पिठाची विरी गेली. विरी म्हणजे पिठातला चिकटपणा, जो भाकरीला धरून ठेवतो. गव्हासारखी ताणली जाणारी कणीक बाजरीची होत नाही, ग्लूटेन नसतंच तिच्यात, जे काही धरायचं ते ताज्या पिठाच्या विरीनं आणि गरम पाण्यानं. आणि बाजरीत तेल जास्त, शंभर ग्रॅमात पाचेक ग्रॅम, दळली की ते तेल उघडं पडतं आणि पीठ खवट व्हायला लागतं. तुला कडू लागतंय ते तेच, बाजरीचा दोष नाही. उन्हाळ्यात तर आठवड्यात वास येतो, थंडीत थोडं जास्त टिकतं पण दिवाळी ते संक्रांत नाही गं टिकत. गिरणीत एक-एक किलोच दळायला टाक, पंधरा दिवसांत संपेल एवढंच. मूठभर उडदाची डाळ टाकलीस तर नवशिक्याला बरं पडतं, आमच्या सासूबाईंना चालायचं नाही पण त्या आता बघायला येत नाहीत.

पाणी चांगलं गरम घे, हाताला चटका बसेल असं. पिठात आळं करून ओत, चमच्यानं हलव, झाकून दोन-चार मिनिटं ठेव. मग एका भाकरीपुरतंच पीठ जवळ ओढून तळहाताच्या टाचेनं मळ, मळ म्हणजे मळच, परातीला घासून, गोळ्याला कडेला चिरा पडायच्या थांबल्या की समजायचं झालं. सगळं पीठ एकदम मळून ठेवायचं नाही, ते कणकेसारखं वाट बघत बसत नाही.

शंकासुर | सोमवार, सकाळी ११:०५

एक विचारू का, बाजरी उष्ण, ज्वारी थंड, हे नक्की कशावरून? दोन्ही पिष्टच. आणि गरम खाल्ल्यानं थंडी कमी होते हेही मला पटत नाही. हिशोब मांडून बघा. पाव लिटर सार, साठ अंशाचं. शरीर सदतीसचं. तेवीस अंशाचा फरक गुणिले पाव लिटर, मिळणारी उष्णता सहा किलोकॅलरीच्याही आत. एक ग्रॅम तेलात नऊ असतात. साठ किलोच्या माणसाचं अंग त्यानं फारतर एक दशांश अंशानं तापेल, तेही सगळी उष्णता आतच राहिली तर. मग ही "पोटात ऊब" कुठून येते?

शेंगोळे_फॅन | सोमवार, सकाळी ११:१२

वाटी हातात धरल्यावर हातातून येते, वाफ तोंडावर घेतल्यावर नाकातून येते आणि लसणाच्या फोडणीचा वास आल्यावर आणखी कुठून तरी येते. गणितात हात कुठं धरलेत तुम्ही?

ओटा_आणि_मी | सोमवार, सकाळी ११:३०

हिशोब बरोबर असेल बाबा. पण तू तीन दिवस रात्री गार दहीभात खा आणि मग ये.

शंकासुर | सोमवार, सकाळी ११:३४

मी फक्त प्रश्न विचारला. रात्री मीही सारच पितो.

शेंगोळे_फॅन | सोमवार, दुपारी १:००

चिमणीताईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या नावातच आहे. हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पीठ घरात ठेव. त्यात लसूण, तिखट, हळद, मीठ, जिरं वाटून घालून घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं करंगळीएवढ्या सुरळ्या वळायच्या, काहीजण टोकं जोडून कडी करतात, आमच्या जुन्नरकडे तशाच. पातेल्यात लसणाची सढळ फोडणी, पाणी, ते खळखळ उकळलं की एकेक सोडायचं. गार पाण्यात सोडलीस की सगळ्याचं पिठलं होतं, मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि पिठलं म्हणून खपवलं होतं. थोडं मळलेलं पीठ पाण्यात कालवून वरून ओतलं की रस्सा दाटतो. वीस मिनिटं. भाकरी नाही जमली तरी नुसतं ताटलीत घेऊन खाता येतं, शेवटी रस्सा तोंड लावून. नाक वाहायला लागेल, रुमाल जवळ ठेव.

घाईच असेल तर कुळथाचं पिठलं आणि गरम भात, दहा मिनिटं. कोकणातली माणसं यावरच जगतात.

अलिबागचा_वाल | सोमवार, दुपारी १:२६

यावरच नाही हो, या मोसमात आम्ही पोपटीवर जगतो. वालाच्या शेंगा भरल्या की शनिवार-रविवार कुणाच्या ना कुणाच्या शेतात मडकं लागतंच. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हल्ली हॉटेलात कढईत शिजवून पोपटी म्हणून विकतात ते बघून जीव जळतो.

मातीचं मडकं. तळाला भांबुर्डीचा पाला. हा पाला बाजारात शोधू नका, शेताच्या बांधावर या दिवसात आपोआप उगवलेला असतो, चुरगाळला की एक उग्र, ओव्यासारखा वास येतो, पोपटीचा वास म्हणजे त्याचाच वास. त्यावर वालाच्या शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा. मधे बटाटे, कांदे, अंडी, आणि ज्यांना चालतं त्यांच्यासाठी मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून. परत शेंगा. तोंडाशी पाला इतका दाबून भरायचा की मडकं उलटं केलं तरी काही पडता कामा नये, कारण ते उलटंच ठेवायचं असतं. पाणी? एक थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या पाण्यावर शिजतं सगळं. भोवती पेंढा, गवत, सुक्या काटक्या रचून पेटवायचं, अर्धाएक तास. झालं का बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारायचे, चर्र करून लगेच उडाले की जाळ ओढायचा.

मग मडकं पेपरवर पालथं करायचं आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. शेंग सोलताना बोटं पोळतात, पाठीला थंडी, पोटाला जाळ. अंड्याला धुराचा जो वास येतो तो घरी येणं शक्य नाही, मी ओव्हनमध्ये प्रयत्न केलाय आणि बायकोनं तो विषय अजून सोडलेला नाही.

द्राक्षवाला | सोमवार, दुपारी २:०३

आमच्याकडे तसाच हुरडा. पण खरा हुरडा नगर-सोलापूर-मराठवाड्याचा, मान्य करतो.

मोती_ज्वारी | सोमवार, दुपारी ३:४०

मान्य केल्याबद्दल आभार 😄 सोलापूर जिल्ह्यातली मी. हुरडा म्हणजे ज्वारी कोवळी, दाणा दुधातून नुकता घट्ट होताना. दोन-चार दिवस इकडं तिकडं झाले की गेला, नखानं दाबून बघायचं असतं. आणि कुठलीही ज्वारी चालत नाही, आमच्याकडे सुरती आणि गूळभेंडी हुरड्यासाठी चार ओळी वेगळ्या पेरतात, गूळभेंडी नावाप्रमाणं गोडच. आगटी म्हणजे जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, कणसं त्यात खुपसायची. भाजलं की लगेच हातावर चोळायचं. आमचे आप्पा चोळायचे, आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत कारण गरम कणीस हातात धरून फिरवायचं म्हणजे तळहात तयार पाहिजेत. दाणे हिरवे, मऊ, थोडी राख लागलेले. फुंकर मारायची की झालं. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. चटणी जास्त खाऊ नका असं मोठे सांगायचे, पाणी पिऊन पोट भरतं आणि हुरडा राहतो म्हणून.

आता हुरडा पार्ट्या झाल्यात, गाडीनं येतात, उंटावर बसतात, हुरडा प्लेटमध्ये येतो तोवर गार. गार हुरडा म्हणजे नुसतं चावत बसायचं. पण शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्यामुळे मी नाक मुरडत नाही. थोडंच मुरडते.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, संध्याकाळी ६:१५

नागपूरले या दिवसात कोणाच्याही घरी जा, आई नाहीतर काकू गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिली असते. ते हिरवे दाणे म्हणजे सोले. सोलेभात, सोल्याची आमटी, सोले-वांगं. दाणे थोडे तेलावर परतून, हिरवी मिरची-लसूण-सांबार (कोथिंबीर हो, इडलीचा नाही) वाटून लावायचं, तांदूळ टाकायचे, वरून लसणाची कडकडीत फोडणी. अर्ध्या तासात होते ताई, फक्त शेंगा सोललेल्या पायजे. तो अर्धा तास धरला नाही मी 😜

बर्फाळ_बटाटा | मंगळवार, पहाटे ४:२०

कॅनडातून. बाहेर उणे अठ्ठावीस आहे, पापण्यांना बर्फ धरतो, गाडी खणून काढावी लागते. पण एक सांगू, थंडी मला जळगावातच जास्त वाजायची. इथं घर गरम असतं, तिथं घरात आणि बाहेर सारखंच.

मी मूळचा यावल तालुक्यातला. आमच्याकडे थंडी म्हणजे भरीत, आणि भरीत म्हणजे ते जांभळं वांगं भाजून त्यात टोमॅटो घालतात ते नाही. आमचं वांगं हिरवं-पांढरं, पावशेर-अर्धा किलोचं एकेक, बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बामणोदची वांगी तर विचारूच नका. भाजायचं कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर, साल पूर्ण काळी कोळसा होईपर्यंत. साल काढून लाकडी बडगीत ठेचायचं, हिरव्या मिरच्या आणि लसूण पण भाजून त्यातच. तेलात शेंगदाणे, कांद्याची पात भरपूर, कोथिंबीर. टोमॅटो नाही. हळद नाही. गरम मसाला घालणाऱ्यानं आमच्या गावात येऊ नये. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ.

इथं आल्यावर पहिल्या वर्षी हौसेनं गॅसवर वांगं ठेवलं. फायर अलार्म. मी टॉवेल फडकवतोय, शेजारची म्हातारी दार वाजवतेय, अलार्म बोंबलतोय, बायको म्हणतेय वांगं जळतंय, मी म्हणतोय जळायलाच ठेवलंय. आता बाल्कनीत ग्रिलवर भाजतो. उणे अठ्ठावीसमध्ये, टोपी-हातमोजे घालून. वांगं आत आणेपर्यंत बाहेरून गार झालेलं असतं, आतून उकळतं. घरात तो जळका वास शिरला की मुलगी म्हणते बाबांचं गाव आलं.

मुंबईची_चिमणी | मंगळवार, सकाळी ८:५०

काल रात्री शेंगोळे केले. अर्धे शेंगोळे, अर्धं पिठलं झालं, पाणी पुरतं उकळायच्या आधीच सोडले, वाचूनही सोडले. पण काय चव होती! घाम आला, जानेवारीत, नाशिकला. जुनं पीठ बाहेर काढलंय, सोसायटीच्या गार्डला विचारलं गाय कुठं असते, त्यानं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

अवांतर: घरातलं दही पण लागेनासं झालंय आणि मध बाटलीत साखरेसारखा घट्ट बसलाय, भेसळ आहे का?

ओटा_आणि_मी | मंगळवार, सकाळी ९:१५

भेसळ नाही, थंडीत मध बसतो, काही मध लवकर बसतात काही उशिरा. बाटली कोमट पाण्यात उभी ठेव, गॅसवर चढवू नकोस. दह्याला दूध नेहमीपेक्षा जरा जास्त गरम घे, बोटाला ऊन लागेल इतपत, विरजण दुप्पट लाव, आणि भांडं ओट्यावर न ठेवता तांदळाच्या डब्यात खुपस. आमच्याकडे पूर्वी पीठ मळायच्या परातीखाली घोंगडीत गुंडाळून ठेवायचे, बाळ निजवल्यासारखं. इडलीच्या पिठालाही तेच. आणि गायीला खवट पीठ एकदम पाच किलो घालू नकोस गं, तिलाही पोट आहे.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४८

चांगला धागा चाललाय, मधे येऊन मूड घालवतोय पण लिहितोच. शेकोटी, आगटी सगळं बाहेर. घरात, दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. माझ्या चुलतभावाकडे तीन वर्षांपूर्वी झालं, पाहुणे आले होते, म्हाताऱ्या आत्याला थंडी वाजत होती म्हणून शेगडी खोलीत घेतली. निखारा लाल होता, धूर अजिबात नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त. धूर नसतो तेव्हाच फसायला होतं, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पहाटे वहिनी उलटी करायला उठली, डोकं फुटत होतं, चालता येईना, तिनं कसंबसं दार उघडलं म्हणून चौघं आज आहेत. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तरी तेच, झरोका बोळा घालून बंद करू नका थंडी येते म्हणून. एवढंच. आता पोपटीवर बोला.

अलिबागचा_वाल | बुधवार, सकाळी ७:३०

बरं झालं लिहिलंत. आमच्या बाथरूमच्या झरोक्यात आईनं जुना परकर कोंबला होता, आत्ता जाऊन काढला.

शंकासुर | बुधवार, सकाळी १०:२०

थंडी मधेच गायब झाली की काय? काल रात्री पंखा लावावासा वाटला.

द्राक्षवाला | बुधवार, सकाळी १०:४१

ढग आलेत ना. रात्री आभाळ मोकळं असलं की जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पारा पडतो, ढगाळ असलं की गोधडी घातल्यासारखं. उत्तरेत हिमालयाकडून पावसाची-बर्फाची एक लाट पुढे सरकली की मागून कोरडं गार वारं आपल्याकडे येतं, तेव्हा परत पडेल. तुम्हाला पंखा लावावासा वाटला, आम्ही भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांच्या भीतीनं फवारणीच्या मागे. आमच्या नशिबी थंडी पण नको आणि ढग पण नको.

आणि हो, घरात विचारलं. आई म्हणाली तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेव आणि पाणी लगेच फिरव, सगळीकडे, कडांना पण. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलट. सुकू दिलं की तडे.

ओटा_आणि_मी | बुधवार, सकाळी ११:००

आईंना माझा नमस्कार सांगा, हेच सांगायचं राहिलं होतं. उलटल्यावर ती बाजू घाई न करता चांगली भाजू दे, मग तवा बाजूला करून थेट जाळावर. आणि तवा लोखंडी आहे ना? नॉनस्टिकवर नाचत बसू नकोस.

मुंबईची_चिमणी | बुधवार, सकाळी ११:०३

...नॉनस्टिक आहे.

मोती_ज्वारी | बुधवार, सकाळी ११:०५

अगं बाई +२

मुंबईची_चिमणी | भोगीच्या दिवशी, रात्री ९:५५

रिपोर्ट. एक किलो बाजरी, मूठभर उडीद डाळ. गिरणीवाले काका म्हणाले थांबा, आत्ता मिरची दळलीय, आधी कुणाचा गहू जाऊ द्या. अर्धा तास थांबले, गिरणीत उभं राहायला काय छान गरम होतं! पिशवीतलं पीठ पोटाशी धरून घरी आले, स्कूटीवर पहिल्यांदा थंडी वाजली नाही. लोखंडी तवा समोरच्या वहिनींकडून उसना. त्यांनी भोगीची भाजी पण वाटीभर दिली, हरभरा, वाटाणा, पावटा, गाजर, बोरं, तिळाचं कूट, काय काय होतं त्यात, आणि दारातच ऐकवलं, "न खाई भोगी तो सदा रोगी, भाकरी तिळाचीच कर."

तर. गरम पाणी, आळं, झाकण. मळताना तळहात लाल झाला. थापताना वरून तीळ दाबले. उचलताना श्वास रोखला होता, खरंच सांगते. नकाशा झाला नाही. कडेला एक छोटी चीर गेली, फारतर एक तालुका. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग जाळावर ठेवली तर आधी एका कोपऱ्यात फोड आला, मग तो फोड सरकत सरकत गेला आणि भाकरी टम्म. मी एकटीच ओट्यासमोर ओरडले. पापुद्रा फोडला, आतून वाफ, त्यात तूप सोडलं, तीळ भाजल्याचा वास. ताटलीपर्यंत गेलीच नाही, ओट्याशी उभ्यानंच, बोटं पोळत, भाजीच्या वाटीत बुडवून. पाय लादीवर अनवाणी होते ते नंतर लक्षात आलं.

शेंगोळे_फॅन | रात्री १०:०१

वा वा वा! 👏 फोटो?

मुंबईची_चिमणी | रात्री १०:०३

फोटो काढायच्या आत संपली.

ओटा_आणि_मी | रात्री १०:०६

शाब्बास गं. पण दुसरी कशी झाली ते सांग.

मुंबईची_चिमणी | रात्री १०:०९

दुसरी फाटली, काकू.